ऑल-स्टार गेम कशी बघायची आणि बघून झाल्यावर काय लिहून ठेवायचं

जुलैच्या मध्यावर अमेरिकेतला बेसबॉल सीझन चार दिवस थांबतो, सोमवारी होम रन डर्बी, म्हणजे बॉल कोण जास्त वेळा थेट भिंतीपलीकडे मारतो (तोच होम रन) त्याची स्पर्धा, मंगळवारी ऑल-स्टार गेम, म्हणजे दोन लीगमधल्या निवडक खेळाडूंचा प्रदर्शनी सामना. बुधवारी ऑफिसात कोणीतरी विचारतं, काय, बघितली का काल, कशी झाली? आणि आपण म्हणतो भारी झाली. विषय संपला. तीन तास बसून बघितलेल्या मॅचचं एवढंच हातात उरतं आणि मला हे खरंच खटकतं, कारण वर्षभरात ही एकच मॅच अशी असते की जिच्या निकालावर काही अडलेलं नसतं, पॉइंट टेबल नाही, कोणी बाहेर पडणार नाही, मग तुम्हाला काय दिसलं, कुठे अंगावर काटा आला, काय पटलं नाही, हाच तर सगळा ऐवज. तो नीट बघायचा कसा आणि टिपून ठेवायचा कसा ते इथे सांगतोय. उदाहरणं मुख्यतः २०२५ च्या अटलांटाच्या गेमची घेतोय, कारण त्या एका रात्रीत इतकं काही झालं की शिकवायला दुसरी गेम शोधायला नको.

आधी थोडी तयारी. फार नाही, अर्धा तास पुरतो.

दोन लीग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल, प्रत्येकीत १५ टीम. प्रत्येक लीगचे ३२ खेळाडू निवडले जातात, २० बॅटर आणि १२ पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, आणि नियम असा की ३० पैकी प्रत्येक टीमचा किमान एक तरी माणूस पाहिजेच. पहिल्या फळीतले बॅटर फॅन्स मत देऊन निवडतात, पिचर आणि बाकीचे राखीव गडी हे खेळाडूंच्या मतांनी आणि कमिशनरच्या, म्हणजे दोन्ही लीगच्या प्रमुखाच्या, ऑफिसकडून येतात. आता हा प्रत्येक टीमचा एक माणूस वाला नियम, यावर दरवर्षी लोक कुरकुरतात की अमक्यावर अन्याय झाला आणि तमका उगाच आला. मला विचाराल तर हा नियम राहिलाच पाहिजे. तळाला असलेल्या टीमच्या दहा वर्षांच्या पोराला त्या लायनीत आपल्या टीमची कॅप घातलेला एक माणूस दिसतो, त्या पोराचा अख्खा सीझन त्या एका मिनिटात वसूल होतो.

यादी समोर घ्या आणि त्यातली सहा-सात नावं निवडा, जास्त नको. तीन पिचर, तीन बॅटर आणि एक असा माणूस ज्याच्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही. कारण काय होतं की या गेममध्ये पिचर साधारण एक इनिंग टाकतो (गेम नऊ इनिंगची असते), जो सुरुवात करतो तो कधी दोन, आणि पहिल्या फळीतले बॅटर चौथ्या-पाचव्या इनिंगपर्यंत बदललेले असतात, सगळ्यांनाच खेळवायचं असतं ना. म्हणजे तुमचा आवडता बॅटर दोनदा आला तर आला, ते दोन चान्स तुम्ही हॉट डॉगच्या लाइनीत घालवले तर घरी जायला मोकळे. म्हणून पहिल्या तीन इनिंग जागेवरून हलायचं नाही. खाणंपिणं गेट उघडल्या उघडल्या उरकून घ्या.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळेचं गणित सोपं आहे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री ८ म्हणजे आपल्याकडे बुधवारी पहाटे ५.३०. चहा ठेवा आणि बसा, ऑफिसची वेळ होईपर्यंत गेम आटपते.

एक जुनी गोष्ट पण वाचून बसा, कुठलीही. पहिली गेम ६ जुलै १९३३ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर झाली, शिकागो ट्रिब्यूनच्या आर्च वॉर्डची कल्पना, शहरात जागतिक प्रदर्शन भरलं होतं त्याला जोडून एकदाच करायचं असं ठरलेलं, आणि ऑल-स्टारचा पहिला होम रन मारला बेब रूथने. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला पोलो ग्राउंड्सवर पिचर कार्ल हबेलने रूथ, गेरिग, फॉक्स, सिमन्स आणि क्रोनिन अशा पाच जणांना लागोपाठ स्ट्राइक आउट केलं, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकमध्ये आउट, नव्वद वर्षं झाली तरी लोक ती नावं क्रमाने म्हणून दाखवतात. १९९९ मध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्कवर पेड्रो मार्टिनेझने पहिल्या चारही बॅटरना स्ट्राइक आउट केलं, त्यात सॅमी सोसा आणि मार्क मॅकग्वायर होते. म्हणजे बघा, ही गेम मुळात कशासाठी भरते तर एरवी वर्षभरात क्वचितच समोरासमोर येणारे दोन तगडे गडी एकमेकांसमोर उभे राहावेत म्हणून. ही जुनी एक-दोन नावं डोक्यात असली की समोर चाललेल्या गोष्टीला वजन येतं.

डर्बी बघायची का?

बघायचीच, पण बॉल कुठे जातोय एवढंच बघत बसलात तर दहा मिनिटांत कंटाळाल, सगळे होम रन सारखेच दिसायला लागतात. डर्बीत बॉल टाकणाऱ्या माणसाकडे बघा. २०२५ ला सिएटलचा कॅल रॅली जिंकला, डर्बी जिंकणारा पहिला कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा), सीझनच्या अर्ध्यातच ३८ होम रन मारून आलेला, आणि त्याला बॉल टाकत होते त्याचे वडील, आणि मागे कॅचिंग करत होता त्याचा १५ वर्षांचा धाकटा भाऊ. अख्खं घर मैदानात. आणि गंमत अशी की पहिल्या फेरीत तो आणि ब्रेंट रूकर १७-१७ असे बरोबरीत सुटले होते, मग कोणाचा सगळ्यात लांब गेला ते मोजलं तर फरक निघाला एका इंचापेक्षाही कमी, ४७० फुटांवर इंचाचा फरक! तेवढ्यावर रॅली पुढे गेला आणि फायनलमध्ये ज्युनियर कॅमिनेरोला १८-१५ ने हरवलं. आता तुम्ही लिहायला बसलात तर आकडे सगळीकडे मिळतात, पण वडील बॉल टाकताना कसे उभे होते, घाम पुसत होते का, पोराने लांब मारल्यावर वळून बघत होते की पुढचा बॉल हातात घेत होते, ते कोणी आयतं देणार नाही. ते तुम्हीच बघायचं आणि तुम्हीच लिहायचं.

वही आणि पेन्सिल

फोनवर नोट्स काढू नका असं माझं ठाम मत आहे. फोन काढला की मेसेज दिसतो, मेसेज दिसला की दोन पिच गेले. खिशात मावणारी छोटी वही घ्या, एक पान एका इनिंगला, वर इनिंगचा नंबर टाका, आणि प्रत्येक पानावर तीन ओळींच्या वर काही लिहायचं नाही. एक ओळ मैदानात काय झालं त्याची, एक ओळ आजूबाजूला स्टँडमध्ये काय झालं त्याची आणि एक ओळ तुम्हाला काय वाटलं त्याची. तिसरी ओळ लिहायला लोक लाजतात, पण नंतर तीच सगळ्यात कामाला येते.

ज्यांना जमतं त्यांनी स्कोअरकार्ड भरा. पद्धत अवघड नाही, फील्डरच्या जागांना १ ते ९ नंबर आहेत, पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६ आणि मग आउटफील्ड डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने बॉल उचलून फर्स्ट बेसला फेकून आउट केलं तर ६-३ लिहायचं. स्ट्राइक आउट झाला तर इंग्रजी के, आणि बॅट न फिरवताच नुसता उभा राहून आउट झाला तर के उलटा काढायचा. फक्त ऑल-स्टार गेमला खेळाडू इतके बदलतात की छापील कार्डाच्या रकान्यात नावं मावत नाहीत, त्यामुळे घरून मोठा कागद आखून न्या, एका नंबरसमोर तीन नावांची जागा सोडून.

आता प्रत्यक्ष गेम

सुरुवातीला सगळ्या खेळाडूंची ओळख करून देतात, दोन्ही बेस लाइनवर रांगा लावून उभे राहतात. हे बोअर समजून लोक फोनमध्ये डोकं घालतात, आणि नेमकं इथे सगळ्यात जास्त बघण्यासारखं असतं. कोणाच्या नावाला आवाज वाढतो, कोणाला हुर्यो होते, कोण कोणाच्या कानात काय सांगून हसतंय. २०२१ ते २०२४ सगळ्यांना लीगचे एकसारखे युनिफॉर्म घातले होते, २०२५ ला परत आपापल्या टीमचे युनिफॉर्म आले आणि खरं सांगतो, डोळ्यांना एकदम बरं वाटलं. एका रांगेत तो निळा, तो लाल, तो पिवळा, ही रंगांची सरमिसळ म्हणजेच ऑल-स्टार. लांबून बसलेल्या माणसालाही कोण कुठला ते कळतं.

अटलांटाला फ्रेडी फ्रीमनच्या नावाला जो आवाज झाला तो टिपण्यासारखा होता. हा माणूस आता डॉजर्सचा, पण बारा सीझन अटलांटात काढलेले, २०२१ ची वर्ल्ड सिरीज याच शहराला जिंकून दिलेला. आणि नॅशनलचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स याने काय केलं, तिसऱ्या इनिंगला टीम फील्डिंगला उतरल्यावर मध्येच त्याला बाहेर बोलावलं, म्हणजे त्याला एकट्याला मैदानातून चालत यावं लागलं आणि अख्ख्या स्टेडियमने उभं राहून टाळ्या वाजवल्या. असंच पिचर क्लेटन कर्शॉच्या बाबतीत. त्याला कमिशनरने खास निवडलं होतं, काही दिवस आधीच, २ जुलैला, त्याने करिअरचे ३००० स्ट्राइक आउट पूर्ण केलेले. दुसऱ्या इनिंगला आला, दोन बॅटर बाद केले, दुसरा व्लादिमिर गेरेरो ज्युनियर, आणि रॉबर्ट्स येऊन त्याच्या हातातून बॉल घेऊन गेला. कर्शॉने पुढे सप्टेंबरमध्ये निवृत्ती जाहीर केली, त्या रात्री त्याने तसं काही सांगितलेलं नव्हतं, पण लोक ज्या पद्धतीने टाळ्या वाजवत होते त्यावरून कळत होतं की त्यांना अंदाज आहे. अशा वेळी खेळाडूकडे बघून झालं की एकदा दुसऱ्या टीमच्या डगआउटकडे, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेकडे, बघा. तिथले लोक उभे आहेत का, टाळ्या वाजवतायत का. हे टीव्हीवर अर्धा सेकंद दाखवतात, स्टेडियममध्ये मात्र तुम्हाला हवं तेवढा वेळ बघता येतं.

माइक लावलेले खेळाडू हा एक वादाचा विषय. कर्शॉ पिचिंग करता करता कॉमेंटेटर्सशी बोलत होता. मला आउटफील्डमधल्या खेळाडूला माइक लावलेला आवडतो, त्याच्याकडे वेळ असतो, तो हवेबद्दल बोलतो, प्रेक्षकांबद्दल बोलतो. पिचरला लावलेला फारसा पटत नाही, कारण पिचर विचार करतानाचा चेहरा मला बघायचा असतो आणि तो बोलायला लागला की तो चेहरा जातो. कर्शॉला त्या दिवशी माफ, तो निरोपाचा मूड होता. तुमचं मत वेगळं असेल तर तेही लिहाच, अशा मतांमुळेच नंतर वाचायला मजा येते.

नवीन नियम ट्राय करायची जागा पण हीच गेम असते, तिकडे लक्ष ठेवा. २०२५ ला, बॉल बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून गेला (स्ट्राइक) की बाहेरून (बॉल), या अंपायरच्या निर्णयावर चॅलेंज करायची सोय होती, कॅमेरा आणि कॉम्प्युटर मिळून ठरवणार. क्रिकेटवाल्यांना डीआरएस आठवेल, फरक एवढाच की इथे कॅप्टन नाही, रिव्ह्यूचं टी नाही, बॅटर, पिचर किंवा कॅचर यांच्यापैकी एकाने लगेच डोक्याला हात लावायचा, बस, आणि डगआउटकडून खाणाखुणा चालत नाहीत. प्रत्येक टीमला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर शिल्लक राहतं. पहिल्याच इनिंगमध्ये प्रसंग आला. डेट्रॉइटचा टॅरिक स्कुबल पिचिंगला, समोर मॅनी मचाडो, दोन स्ट्राइक आणि शून्य बॉल, स्कुबलने चेंजअप, म्हणजे मुद्दाम हळू सोडलेला बॉल, टाकला आणि अंपायर म्हणाला बॉल. चॅलेंज झालं, मोठ्या स्क्रीनवर ती चौकट आली, बॉल आत, मचाडो आउट. सगळं मिळून काही सेकंद. त्या गेममध्ये पाचपैकी चार चॅलेंज बरोबर निघाले, आणि नंतर २०२६ च्या सीझनसाठी ही पद्धत मंजूर झाली.

इथे नुसतं चॅलेंज यशस्वी असं लिहून सोडू नका. लोकांचं काय झालं ते लिहा. चौकट स्क्रीनवर येईपर्यंत ती जी दोन-तीन सेकंदांची शांतता पडते ना, चाळीस हजार माणसं एका दिशेला माना वळवून, ती मला स्वतःला फार आवडली आणि त्यामुळे माझं या पद्धतीबद्दलचं मत बदललं, आधी वाटायचं की मशीन आलं की मजा जाईल. आणि स्कोअरकार्ड भरत असाल तर मचाडोच्या चौकटीत उलटा के.

सोबत कोण आहे याचाही विचार करा. इकडे अमेरिकेत उन्हाळ्यात खूप जणांचे आईवडील पुण्या-मुंबईहून आलेले असतात आणि त्यांना घेऊन जायचं की नाही असा प्रश्न पडतो. बिनधास्त न्या. ज्याने आयुष्यभर रेडिओवर, टीव्हीवर टेस्ट मॅच फॉलो केलीय त्याला पिचर आणि बॅटरमधली जुगलबंदी पहिल्या अर्ध्या तासात कळते, त्याला बेसची भानगड, फोर्स आउट वगैरे सगळं समजावायच्या फंदात पडू नका, फक्त एवढं सांगा की तीन स्ट्राइकला आउट, चार बॉलला फुकट पहिला बेस, तीन आउटला बाजू बदलते, नऊ इनिंग. बाकी ते विचारतील तसं सांगा. आणि त्यांचे इम्प्रेशन्स जरूर लिहून घ्या, त्यांच्या शब्दांत, कारण पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाला जे दिसतं ते आपल्याला दिसायचं बंद झालेलं असतं. आमच्याकडच्या एका काकांनी विचारलं होतं की हा कॅचर दर बॉलआधी मांडीच्या मध्ये बोटं कशाला दाखवतो आणि पिचर मान हलवून नाही का म्हणतो, आणि मग उरलेली अख्खी गेम ते फक्त पिचर किती वेळा नाही म्हणाला ते मोजत बसले. ती त्यांची गेम होती आणि चांगली होती.

मधल्या इनिंग आणि त्यातल्या शांत जागा

ऑल-स्टारमध्ये गेल्या काही वर्षांपासून एक रीत आहे, गेम थांबवून सगळ्यांच्या हातात पाट्या देतात आणि कॅन्सरशी लढणाऱ्या किंवा त्यात गेलेल्या आपल्या माणसाचं नाव त्यावर लिहून सगळे उभे राहतात, खेळाडू, अंपायर, कॉमेंटेटर, सगळे. कोणाचं नाव लिहायचं ते घरून ठरवून जा, कारण आयत्या वेळी हात थरथरतो. आणि आपलं नाव लिहून झालं की शेजारच्यांच्या पाट्या वाचा. आई, आजी, मिस वगैरे असं काय काय लिहिलेलं असतं. याचा फोटो काढण्यापेक्षा दोन-तीन पाट्यांवरचे शब्द मनात ठेवून नंतर लिहा, नावं न देता.

अटलांटाला सहाव्या इनिंगनंतर अजून एक गोष्ट झाली. दिवे मालवले आणि मैदानावरच प्रकाशाने ८ एप्रिल १९७४ ची रात्र उभी केली, हँक ॲरनने बेब रूथचा करिअरमधल्या सर्वाधिक होम रनचा विक्रम मोडून ७१५ वा होम रन मारला ती रात्र. तो होम रन याच शहरातला, पण स्टेडियम वेगळं होतं, अटलांटा-फुल्टन काउंटी, ते आता नाही. जुनी कॉमेंट्री सुरू, आणि बॉल जसा गेला तशी आतषबाजीची एक रेघ मैदानावरून वर जाऊन भिंतीपलीकडे. ॲरन २०२१ च्या जानेवारीत गेला, आणि त्याच वर्षीची ऑल-स्टार गेम अटलांटाला व्हायची होती पण जॉर्जियाच्या मतदान कायद्यावरून ती डेन्व्हरला हलवली गेली, त्यामुळे हा मान अटलांटाने चार वर्षं उशिरा दिला. ही पार्श्वभूमी माहीत असेल तर तुमच्या वहीतल्या ओळीत ती आपोआप उतरते. विक्रम मोडायच्या आधी त्या माणसाला काळा म्हणून धमक्यांची पत्रं येत होती, पोत्यांनी. आणि पन्नास वर्षांनी त्याच शहरात सगळे खेळाडू डगआउटच्या कठड्याला टेकून वर बघत उभे. मला वाटतं त्या रात्रीच्या स्कोअरपेक्षा हे आधी लिहायला पाहिजे.

लवकर उठू नका

हे सगळ्यात महत्त्वाचं. सहाव्या इनिंगनंतर अटलांटाला स्कोअर होता ६-० नॅशनलचा. केटेल मार्टेने पहिल्याच इनिंगला दोन रन आणलेल्या, मग पीट अलॉन्सोचा तीन रनचा होम रन, पाठोपाठ कॉर्बिन कॅरोलचा. लोक उठायला लागले, पार्किंगमधून लवकर निघू म्हणून. मग सातव्यात अमेरिकनच्या रूकरने तीन रनचा होम रन मारला, पाठोपाठ अजून एक रन आली, ६-४ झालं, नवव्यात बायरन बक्स्टन आणि बॉबी विट ज्युनियरचे डबल (दोन बेस मिळवून देणारे फटके), ६-५, आणि दोन आउट असताना स्टीव्हन क्वॉनचा एक मरतुकडा बॉल, इनफील्डमध्येच राहिला, तो धावत सुटला, ६-६.

आणि मग जे झालं ते ऑल-स्टारच्या इतिहासात आधी कधीच झालं नव्हतं. बरोबरी झाली तर एक्स्ट्रा इनिंग नाही, स्विंग-ऑफ, हा नियम २०२२ पासून कागदावर होता पण वापरायची वेळ आली नव्हती. प्रत्येक बाजूचे तीन बॅटर, प्रत्येकाला तीन स्विंग, जास्त होम रन मारेल ती बाजू जिंकली. याच्यामागचं कारण पण माहीत पाहिजे, २००२ ला मिलवॉकीला गेम ११ इनिंग चालली, ७-७, दोन्हीकडचे पिचर संपले आणि सामना तसाच सोडून द्यावा लागला, लोकांनी जाम हुर्यो केली. त्याची भरपाई म्हणून २००३ ते २०१६ ऑल-स्टार जिंकणाऱ्या लीगला वर्ल्ड सिरीजमध्ये घरच्या मैदानाचा फायदा द्यायला लागले, तो प्रकार मला कधीच आवडला नाही, प्रदर्शनी सामन्यावर खऱ्या गोष्टी टांगायच्या नसतात.

स्विंग-ऑफमध्ये अमेरिकनच्या रूकरने दोन मारले, नॅशनलच्या काइल स्टोवर्सने एक, अमेरिकनच्या रँडी अरोझारेनाने एक, आणि मग आला नॅशनलचा काइल श्वार्बर. अख्ख्या गेममध्ये त्याची एकही हिट नव्हती. तीन स्विंग, तीन होम रन, तिसरा तर मारता मारता तो एका गुडघ्यावर बसला होता. त्यानंतर अमेरिकनच्या जोनाथन अरांडाला तीनपैकी एकही जमला नाही आणि नॅशनल ४-३ ने जिंकली, अलॉन्सोला बॅट घेऊन यायची गरजच पडली नाही. श्वार्बरला एमव्हीपी, म्हणजे सामनावीर, एकही हिट न मारता. मोठे मोठे स्टार तोपर्यंत अंघोळी करून निघून गेले होते, आणि जे थांबले होते ते मात्र दोन्ही टीम मैदानात येऊन लहान पोरांसारखे उड्या मारत होते. खऱ्या सीझनमध्ये असं काही आणलं तर मी पहिला विरोध करेन, पण प्रदर्शनी सामन्याला याच्याइतका चांगला शेवट दुसरा नाही.

आता हे लिहायचं कसं

पहिली गोष्ट, घरी पोचल्यावर हायलाइट्स बघायच्या आधी लिहा. हायलाइट्स बघितले की तुमची आठवण जाते आणि कॅमेऱ्याची आठवण येते, तुम्ही राइट फील्डच्या वरच्या मजल्यावर बसला होतात आणि लिहिता मात्र कॅचरच्या मागून दिसल्यासारखं. कुठे बसला होतात ते पहिल्या ओळीतच टाका. टीव्हीवर बघितली असेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा काही नाही, टीव्हीवाल्याला चेहरे जास्त दिसतात आणि आवाज कमी, स्टेडियमवाल्याला उलट.

दुसरं, क्रमाने लिहू नका. पहिली इनिंग, दुसरी इनिंग असं लिहायला गेलात की चौथ्या इनिंगला तुम्हीच दमता. वही उघडा, तिसरी ओळ, म्हणजे काय वाटलं ती ओळ, ज्या पानावर सगळ्यात जोरात लिहिली गेलीय त्या पानापासून सुरू करा. मग लागेल तसं मागे-पुढे जा.

भारी, जबरदस्त, अफाट, कडक हे शब्द आपण बोलताना वापरतोच, लिहिताना पण येतील, येऊ द्या, पण प्रत्येकाच्या पुढे एक दिसणारी गोष्ट लिहायची. श्वार्बरने जबरदस्त मारले, हे वाचून मला काही दिसत नाही. श्वार्बर तिसऱ्याला गुडघ्यावर गेला आणि बॉल अजून हवेत असतानाच त्याच्या बाजूचे लोक डगआउटमधून बाहेर पळत सुटले, हे वाचलं की दिसतं. आकडे दोन-तीनच ठेवा. कोणाचा बॉल ताशी किती मैल गेला ते सगळे सांगतात, तो कॅचरच्या ग्लव्हमध्ये बसला तेव्हा तुमच्या रांगेतल्या लोकांनी काय केलं ते फक्त तुम्हालाच माहीत.

तक्रारी पण लिहा. जाहिराती फार होत्या, कार्यक्रम लांबला, अमका खेळाडू आलाच नाही, तिकीट परवडत नाही, जे खरं वाटलं ते. फक्त एक करा, तक्रार लिहून झाली की त्याच खेळाडूबद्दल किंवा त्याच गोष्टीबद्दल दुसऱ्या बाजूने एक ओळ लिहून बघा. समजा एखाद्या पिचरने दोन दिवस आधीच पूर्ण मॅच टाकली म्हणून तो आला नाही, तर त्याचा हात हेच त्याचं पोट आहे, हे पण खरंच ना.

आणि ज्या एका माणसाबद्दल तुम्हाला काहीच माहीत नव्हतं, सुरुवातीला निवडलेला तो, त्याच्यासाठी वेगळा परिच्छेद ठेवा. माझ्यासाठी २०२५ ला तो मिलवॉकीचा जेकब मिझरॉव्स्की होता, मोठ्या लीगमध्ये जेमतेम पाच मॅच टाकून थेट ऑल-स्टारला, त्यावरून किती आरडाओरडा झाला होता. त्याचे लांबच लांब हातपाय आणि तो बॉल सोडतो ती जागा बॅटरच्या किती जवळ येते ते बघितल्यावर मी तरी वाद घालायचं सोडलं, आणि त्या सीझनला पुढे मिलवॉकीच्या मॅचेस शोधून शोधून बघितल्या.

२०२६ चं यजमानपद फिलाडेल्फियाकडे, सिटिझन्स बँक पार्क, मंगळवार १४ जुलै, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २५० वर्षं होतायत म्हणून मुद्दाम तिकडे. न्यू जर्सीतल्या एडिसन, प्रिन्स्टन भागातल्या आपल्या मंडळींना गाडीने जाऊन रात्रीत परत येता येईल असं अंतर, पण गाडी स्टेडियमपर्यंत न्यायच्या भानगडीत न पडता शहरात कुठेतरी लावून ब्रॉड स्ट्रीट लाइन या मेट्रोने शेवटच्या स्टेशनपर्यंत जा, उतरलं की समोरच स्टेडियम. बॅगेचे नियम आदल्या दिवशी वाचा. मंगळवारच्या तिकिटाचे भाव बघून छाती दडपली तर सोमवारचं डर्बीचं किंवा वीकेंडला होणाऱ्या फ्युचर्स गेमचं तिकीट बघा, फ्युचर्स गेममध्ये पुढे येणारी पोरं खेळतात आणि तिकीट बरंच स्वस्त असतं. वहीची पद्धत तिन्हीकडे तीच, फक्त फ्युचर्स गेमला सहा-सात नावांऐवजी सगळीच अनोळखी असतात, तेव्हा पानं जास्त घेऊन जा.